हर्नियाचं ऑपरेशन

आमच्या पाहुण्यारावळ्यांत, गल्लीत आणि दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांत सगळ्यांना पक्कं माहितीय की गेल्या जुलैत माझं पुण्याला हर्नियाचं ऑपरेशन झालं. झालं होतं ते पेनाइल इम्प्लांटचं. म्हणजे ज्याला शुगरमुळं किंवा दुसऱ्या कशामुळं ताठरता येतच नाही, गोळीनं नाही, इंजेक्शननं नाही, त्याच्या लिंगाच्या आत कायमचं एक उपकरण बसवतात, ते. ऑपरेशनच्या आधी मराठीत काय वाचायला मिळतंय का म्हणून मी रात्र-रात्र मोबाइल चाळला, सगळीकडं एकतर जाहिराती नाहीतर "तज्ज्ञांचा सल्ला घ्या" एवढंच. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी किती सुजतं, कसं झोपायचं, लोकांना काय सांगायचं, हे कुणीच लिहीत नाही. म्हणून आठवतंय तसं लिहितोय. नाव देत नाही, तासगाव भागातला आहे, मोटर रिवाइंडिंगचं आणि पंपाचं दुकान आहे, वय ५३. (पंपाचं दुकान हे वाचून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, डॉक्टरपण हसले होते.)

शुगर २०१२ ला निघाली. पहिली पाच वर्षं मी ती शुगर म्हणून धरलीच नाही, गोळी आठवली तर घ्यायची, चहात साखर कमी पण दोन चहाच्या ऐवजी सहा चहा, आणि तंबाखू तर दिवसभर गालात. २०१७ च्या आसपास प्रॉब्लेम सुरू झाला. पहिल्यांदा वाटलं दमणूक आहे, सीझनला दिवसाला पंधरा-वीस मोटारी उतरतात दुकानात, माणूस दमणारच. मग मेडिकलवाल्या मित्राकडनं सिल्डेनाफिल ५० आणली, ताठरतेची गोळी, काम झालं, मग १०० लागायला लागली, मग ती पण चालेना. टाडालाफिल झाली. २०२० मधे ती पण बंद पडली. मधल्या काळात एका वैद्याकडं पण जाऊन आलो, शेजारच्या जिल्ह्यात, एसटी स्टँडच्या भिंतीवर ज्यांचे नंबर रंगवलेले असतात त्यातलाच एक. १८,००० रुपये घेतले, काळ्या गोळ्या आणि एक पूड. पहिल्या दोन गोळ्यांना जरा फरक वाटला आणि डोकं पण गच्च दुखलं, अगदी सिल्डेनाफिल घेतल्यावर दुखायचं तसंच. नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, असल्या 'आयुर्वेदिक' गोळ्यांत बऱ्याचदा सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडतं, आणि एखादा पेशंट छातीत दुखतंय म्हणून नायट्रेटची गोळी घेत असेल तर दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जाऊन माणूस जाऊ शकतो.

त्यानंतर इंजेक्शनं. लिंगात स्वतःच टोचायची, इन्सुलिनसारखी बारीक सुई असते, ऐकायला वाटतं तेवढं दुखत नाही. सांगलीच्या डॉक्टरनी डोस ठरवून दिला होता आणि बजावलं होतं, चार तासाच्या वर ताठ राहिलं तर लाजायचं नाही, सरळ यायचं. मी लाजलो. एकदा डोस मनानंच थोडा वाढवला आणि रात्री दहाला टोचलेलं पहाटे साडेतीन वाजले तरी उतरेना. दुखायला लागलं, थंड पाणी ओतून झालं, जिन्यावरनं पंचवीस वेळा वर-खाली करून झालं. शेवटी एकटाच गाडी काढून मिरजेला गेलो. तिथं एक अगदी पोरगेलासा डॉक्टर होता, माझ्या पोरापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, त्यानं काही एक न विचारता सुई घालून रक्त ओढलं. ते रक्त मी बघितलं. काकवीसारखं, काळपट आणि दाट. मग रक्तवाहिन्या आकसायचं औषध थोडं थोडं टोचत, बीपी बघत बसला. सहा वाजता उतरलं. घरी येऊन हिला सांगितलं की वाळव्याच्या एका बागायतदाराची मोटर अडकली होती. खोटं बोलायची सवय तिथनंच लागली म्हणायची.

पुण्याच्या डॉक्टरांकडं गेलो ते २०२३ च्या दिवाळीनंतर. त्यांनी डॉपलर केला, म्हणजे आधी इंजेक्शन देऊन मग सोनोग्राफीसारख्या यंत्रानं आत रक्त किती वेगानं येतंय ते मोजतात. सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर पुरवठा कमी समजतात, माझं १८ आलं. आणि आलेलं रक्त आत थांबायला पाहिजे ते पण परत गळत होतं. डॉक्टर समजावून सांगायला लागले तर म्हणलं सर, कळलं, पाइपात पाणी कमी येतंय आणि पाणी परत जाऊ न देणारा फुटव्हॉल्व पण लीक आहे. तेव्हाच ते हसले ते. म्हणले बरोबर, आणि दोन्ही बदलून मिळत नाहीत.

इम्प्लांटचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं, पण पुढं काही बोलायच्या आत म्हणले, पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या, त्याशिवाय मी चर्चा करत नाही. मी म्हणलं तिला काय विचारायचंय त्यात. तर ते नुसते बघत बसले माझ्याकडं.

हिला सांगायला मला तीन आठवडे लागले. शेवटी स्वयंपाकघरात ती भाकरी थापत होती तेव्हा मागनं सांगितलं, तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. शुगर, गोळ्या, इंजेक्शन, मिरज, सगळं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पाणी फिरवलं, आणि म्हणली, "पिशवी काढल्यापासनं तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायला लागलाय. मला वाटलं त्यामुळंच." तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन २०१९ ला झालं होतं. आणि मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो ते तोंड चुकवायला. चार-साडेचार वर्षं बाई स्वतःला लावून घेऊन बसली होती आणि मी आपला मेडिकलवाल्या मित्राशी चर्चा करतोय. ती भाकरी करपली, तशीच खाल्ली मी.

दोघं गेलो तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर नमुने काढून ठेवले. मुख्य प्रकार दोन. एक साधा, मॅलिएबल म्हणतात, दोन वाकणाऱ्या कांड्या, आत तारेचा गाभा आणि वरनं सिलिकॉन. वर वाकवली की वर, खाली वाकवली की खाली. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही आणि खर्च बराच कमी. मुंबईचे डॉ. रुपिन शहा यांनी बनवलेलं भारतीय इम्प्लांट पण असंच साधं, न फुगवायचं, आपल्याकडं अनेकांना तेच बसवतात. दुसरा प्रकार फुगवायचा, तीन भागांचा. दोन सिलिंडर लिंगात, एक छोटा पंप अंडकोशात, आणि सलाइनची एक फुगी पोटात खाली मूत्राशयाच्या शेजारी. पंप दाबला की पोटातलं पाणी सिलिंडरमधे, बटण दाबलं की परत पोटात. डॉक्टर म्हणले ही आयडिया नवीन नाही, १९७३ मधे अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी पहिल्यांदा लोकांपुढं आणली, तेव्हापासनं सुधारणा होत होत इथवर आलीय.

मी तो पंप हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होतो. द्राक्षाच्या मण्याएवढा, म्हणजे जरा मोठा मणी धरा, आणि त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवलेला. खरं सांगतो, त्या क्षणी मी पेशंट म्हणून नाही, धंद्यातला माणूस म्हणून भारावलो. मी तीस वर्षं व्हॉल्व बघतोय, एवढ्याशात एवढं काम करणारा बघितला नव्हता.

डॉक्टरांनी मात्र विकायचा प्रयत्न अजिबात केला नाही, उलट घाबरवलंच. म्हणले, हे बसवलं की परत फिरायचं नाही, आतला नैसर्गिक स्पंज त्या जागी राहत नाही, उद्या काढून टाकलं तर आधीसारख्या गोळ्या-इंजेक्शनं पण चालणार नाहीत. लांबी वाढत नाही, उलट तरुणपणच्या मानानं कमीच वाटेल. पुढचा बोंडाचा भाग फुगत नाही, तो मऊच राहतो. इच्छा यानं वाढत नाही, संवेदना आणि वीर्यपतन जसं आहे तसं राहतं. मशीन आहे, दहा-पंधरा वर्षांनी बदलायची वेळ येऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं इन्फेक्शन. चांगल्या हातात शंभरात एक ते तीन, शुगरवाल्यांना धोका जास्त, आणि झालं तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, बहुतेक वेळा सगळं सामान बाहेर काढावं लागतं.

मी गप्प. हिनं विचारलं, "यांना रोज दुखंल का?" डॉक्टर म्हणले सुरुवातीचे काही आठवडे, नंतर नाही. मग हिनं विचारलं, साधं आणि फुगवायचं यात वापरायला सोपं कुठलं. ते म्हणले साधं. मग ती म्हणली, "पण दिवसभर तसंच राहणार, दुकानात खाली बसतात हे, कामाला पोरं असतात." डॉक्टरांना तो मुद्दा एकदम पटला. प्रकार तिनं ठरवला म्हणजे, मी नाही.

खर्च. सगळं मिळून ५ लाख ४० हजार आला, त्यातलं बहुतेक त्या इम्प्लांटचंच. मेडिक्लेमवाल्यांनी एका ओळीत नाही म्हणून कळवलं. एक एफडी मोडली. पोराच्या लग्नासाठी होती ती, असू दे.

आता तयारी, कारण खरं काम तिथंच झालं. माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीएवनसी, ९.६ होती. डॉक्टर म्हणले आठच्या खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. (हा आकडा डॉक्टरपरत्वे थोडा बदलतो असं ऐकलं, आमचे आठवर अडून होते.) आणि तंबाखू बंद. शुगरचं जमलं, इन्सुलिन सुरू केलं, सकाळी तासगाव-मणेराजुरी रस्त्याला पाच किलोमीटर चालणं सुरू केलं. तंबाखूनं मात्र रडवलं. पहिले पंधरा दिवस मी दुकानातल्या पोरांवर विनाकारण ओरडत होतो, बडीशेप खाऊन खाऊन जीभ सोलली. एक वायंडिंग उलटं भरलं त्या काळात, तीस वर्षांत पहिल्यांदा.

तारीख ठरली मेची. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तपासायला गेलो तर पुढच्या कातडीखाली लाली आणि पांढरा थर, फंगल इन्फेक्शन. शुगरसाठी मला डापाग्लिफ्लोझिन चालू होती, ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि साखर जिथनं जाते तिथं बुरशीला खायला मिळतं. कुणी सांगितलं नव्हतं मला हे. तारीख रद्द. गोळी बदलली, मलम लावलं, आणि कळलं की ही गोळी तशीही कुठल्याही मोठ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी बंदच करतात, रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो म्हणून. ज्यांना शुगर आहे त्यांनी आपल्या गोळ्यांची पूर्ण यादी सर्जनपुढं ठेवा, नुसतं "शुगरची एक आणि बीपीची एक" असं सांगू नका, मी तसंच सांगितलं होतं.

दोन महिने गेले त्यात, पण एका अर्थानं बरंच झालं. जुलैत पाऊस लागला की आमचं काम थंड असतं, मेमधे दुकान बंद ठेवलं असतं तर लोकांनी घरी येऊन मोटारी टाकल्या असत्या. एचबीएवनसी ७.४ वर आलं. लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू आहेत का बघतात ती, क्लिअर आली. आदल्या रात्री आणि सकाळी त्या लाल औषधी साबणानं आंघोळ, खालचे केस घरी अजिबात काढायचे नाहीत, ब्लेडचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना दार उघडून दिल्यासारखं, ते थिएटरमधेच मशीननं काढतात.

ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन झालं. मी अर्धवट जागा होतो. आधी नुसतं धुणंच किती वेळ चाललं होतं. आत माणसं मोजकी आणि एकदा काम सुरू झाल्यावर दार कुणी उघडायचं नाही अशी शिस्त. दुखत काही नव्हतं, आवाज येत होते. मग डॉक्टर मोजमाप घ्यायला लागले, एक जण आकडे लिहून घेत होता, "राइट एकोणीस, लेफ्ट एकोणीस." म्हणजे आत मुळापासनं टोकापर्यंत किती सेंटिमीटर जागा आहे ते. आम्ही बोअरमधे दोरी सोडून खोली घेतो तसंच. आणि मला एकदम मनातनं वाटलं, दोन्हीकडं सारखं आलं, बरं झालं. काय बरं झालं कुणास ठाऊक. सव्वा तासात बाहेर.

रात्री लघवीची नळी होती, एक ड्रेन होता, म्हणजे आत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढायची नळी, आणि खाली पागोटं बांधल्यासारखं गच्च ड्रेसिंग. सिलिंडर थोडे फुगवूनच ठेवले होते, रक्तस्राव दाबून राहावा म्हणून. दुसऱ्या दिवशी ते सोडलं तेव्हा मात्र मी कॉटची कड धरली. तेवढा एक मिनिट.

इथं पोराचं सांगायला पाहिजे. तो पुण्यातच आहे, नोकरीला. त्याला पण हर्नियाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बसला होता, ही खाली औषधं आणायला गेली, मला डुलकी लागली. उठलो तर फाइल त्याच्या मांडीवर. फाइलच्या पहिल्याच पानावर ऑपरेशनचं नाव मोठ्या अक्षरात असतं. माझी नजर गेली, त्याची नजर गेली, त्यानं फाइल मिटून कडेला ठेवली आणि म्हणला, "बाबा, मोसंबीचा ज्यूस आणू का, बिनसाखरेचा?" मी म्हणलं आण. संध्याकाळी परत आला तो एक जाड फोमची उशी घेऊन, मधे भोक असलेली, गाडीत बसायला. आणि तेवढ्यात आमच्या बहिणीचा फोन आला तर मी काही बोलायच्या आत त्यानंच घेतला, "हो आत्या, हर्नियाच. नाही नाही, जाळी बसवलीय." जाळीचं मला पण सुचलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सोडलं. गावी यायला साडेचार तास, उशी होती तरी खंबाटकी घाटात प्रत्येक वळण मी मोजलं. आणि आमच्या भागातले स्पीडब्रेकर, ते काय सांगायचं.

घरी आलो त्या रात्री पहिल्यांदा आरशात बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं सूज येईल, निळं-काळं पडेल, पण सांगणं वेगळं. आमच्याकडं कृष्णाकाठची भरताची वांगी असतात ना, चांगली पोसलेली, काळपट जांभळी आणि तुकतुकीत, सेम तसं. रंग पार मांडीपर्यंत उतरला होता. मी हिला हाक मारली, ती आली, बघितलं, आणि म्हणली, "आता महिनाभर वांगं आणत नाही बाजारातनं." दोघं हसलो, आणि हसल्यावर इतकं दुखलं की डोळ्यातनं पाणी.

तिसरा ते सातवा दिवस सगळ्यात वाईट, हे लक्षात ठेवा, ऑपरेशनचा दिवस काहीच नाही. टॉवेलात गुंडाळून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं शेक आणि मग सुट्टी. लिंग वर पोटाकडं तोंड करून ठेवायचं आणि घट्ट चड्डी घालायची, म्हणजे ते खाली वाकून बरं होत नाही. उताणं झोपायचं, मी आयुष्यभर कुशीवर झोपणारा माणूस, रात्री तीनला उठून बसायचो. दुखायच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर तर करायचा नाही, त्यामुळं इसबगोल पहिल्या दिवसापासनं घ्या, पाचव्या दिवसापासनं नाही. शुगर दिवसातनं चार वेळा तपासत होतो. जखमेची भीती अशी की रोज सकाळी ही टॉर्च मारून बघायची, पू नाही ना, वास नाही ना, ताप नाही ना. नवव्या दिवशी टाक्याजवळ एक पाण्याचा थेंब दिसला तर मी तिथंच अंगणात बसलो, पाच लाख चाळीस हजार डोळ्यापुढं आले. फोटो पाठवला डॉक्टरांना, ते म्हणले काही नाही, सूज उतरतेय, कोरडं ठेवा.

आणि यातच बघायला येणारे लोक. आमच्याकडं माणूस आजारी पडला की निम्मं गाव बघायला येतं, केळी, बिस्किटं, शहाळी. आणि हर्निया हा असा रोग निघाला की प्रत्येकाच्या घरात कुणाचा तरी झालेलाच. पहिल्या दिवशी चुलत्यांनी विचारलं कुठल्या बाजूचा, मी म्हणलं उजव्या. तिसऱ्या दिवशी दुकानाशेजारचा खतवाला आला, त्याला म्हणलं डाव्या. दोघं नेमके एकाच वेळी परत आले रविवारी. खतवाला म्हणतोय डावा, काका म्हणतायत उजवा, दोघं माझ्याकडं बघतायत. ही चहा घेऊन आली आणि शांतपणे म्हणली, "दोन्हीकडचा होता." काकांनी कपाळाला हात लावला, म्हणले, बिचाऱ्यानं सांगितलं पण नाही कुणाला. त्यानंतर गावात माझ्या सोशिकपणाचा बराच बोलबाला झाला.

दोन आठवड्यांनी टाके सुकले तेव्हा एक काम सुरू झालं, गरम पाण्याची आंघोळ आणि अंडकोशातला तो पंप चिमटीत धरून हळूच खाली ओढून ठेवायचा, दिवसातनं दोनदा. कारण बरं होताना शरीर त्याच्याभोवती आवरण तयार करतं आणि पंप वर सरकून तिथंच बसला तर नंतर बोटांना सापडत नाही. हे कंटाळवाणं काम आहे पण सोडू नका. तिसऱ्या आठवड्यात मी काउंटरला बसायला लागलो, वजन उचलणं बंद, पोरं मोटारी उचलायची आणि मी नुसता मीटर लावायचो.

सहाव्या आठवड्यात पुण्याला जाऊन चालू करणं शिकायचं होतं. डॉक्टरांच्या खोलीत सगळं जमलं. पंप बारा-पंधरा वेळा दाबायचा, सुरुवातीला कडक लागतो, मग फरक जाणवायला लागतो. उतरवायला पंपाच्या वरच्या अंगाला एक छोटं बटण आहे, ते थोडा वेळ दाबायचं, बस. मी म्हणलं एवढंच ना. घरी आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधे एकट्यानं प्रॅक्टिस करायला गेलो. फुगवलं. झकास. आणि उतरवायचं बटण सापडेना. पंप फिरला होता की माझी बोटं, पण सापडेना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. डोक्यात मिरज. बाहेर दुकानातला पोरगा चावी मागायला येऊन थांबलेला, "मालक, मालक" चाललंय त्याचं. शेवटी दार किलकिलं करून हळूच हाक मारली, "अगं, जरा आत ये."

आत आली. मला बाजूला सारून म्हणली, "हात काढा तुमचे." डॉक्टरांच्या खोलीत ती माझ्यापेक्षा नीट बघत होती, हे मला तिथं कळलंच नव्हतं. डाव्या हातानं पंप धरला, उजव्या अंगठ्यानं चाचपलं, दोन सेकंद. आतनं पाणी परत गेलं ते मला पोटात जाणवलं, एकदम बारीक. "तीस वर्षं काय मोटारी दुरुस्त केल्या हो तुम्ही," असं म्हणून साडीला हात पुसत चावी द्यायला बाहेर गेली.

आता आठ महिने झाले. पुढचं टोक गार लागतं आणि मऊ राहतं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, त्यावर काही उपाय लागला तर त्यांना विचारायचं आहे, गोळी चालते म्हणले काही जणांना. लांबी कमी वाटते, मोजत बसलो नाही. संवेदना पहिल्यासारखीच आहे. बटणाचं पण आता हाताला बसलंय, अंधारात पण सापडतं. बाहेरच्या खोलीतली कॉट पावसाळ्याआधीच काढून भाच्याला देऊन टाकली होती, तिथं आता जुन्या मोटारींचे स्टँड ठेवलेत. तंबाखूची आठवण रोज येते, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांनी एक कार्ड दिलंय, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेलं, पुढं कधी एमआरआय किंवा दुसरं ऑपरेशन लागलं तर दाखवायला. मी ते दुकानाच्या ड्रॉवरमधे मोटारींच्या वॉरंटी कार्डांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. हिनं ते हुडकून घरी आणलं, आणि आता कपाटात एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवलंय.